पैरणीवरचा नकाशा

आमच्या शाळेच्या भिंतीवर थॉमस एडिसनच्या नावाने एक वाक्य रंगवलेले होते. अलौकिक बुद्धी म्हणजे एक टक्का स्फूर्ती आणि नव्याण्णव टक्के घाम, असा त्याचा अर्थ. गुरुजी ते आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेत. पण तो घाम नेमका कोणाचा, हे आम्ही कधी विचारले नाही आणि गुरुजींनीही सांगितले नाही. मला हा प्रश्न पडला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, आणि तोही एका पैरणीमुळे.

1978 सालची गोष्ट. मॅट्रिक होऊन मी घरच्या शेतीत आलो होतो. रब्बी ज्वारीच्या पेरणीला दादा तिफण धरी आणि वहिनी चाड्यावर मूठ धरी. रासायनिक खत मात्र आम्ही आधी हाताने फोकून टाकत असू. ते वरच्यावर राही आणि पिकाआधी तणालाच मिळे. एके दिवशी दुपारी लिंबाखाली बसलो असताना माझ्या डोक्यात आले की तिफणीला दुसरे चाडे बसवावे. खताच्या नळ्या पुढे, बियाण्याच्या मागे. म्हणजे एकाच पाळीत खत खाली पडेल आणि बी वर. अशी दोन चाड्यांची अवजारे पुढे सगळीकडे आली. पण आमच्या शिवारात तोवर कुणी पाहिली नव्हती. मी काडीने मातीत चित्र काढून दाखवले. दादा बैलांना पाणी पाजत होता. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, "डोकं चांगलं चाललंय. करून बघू."

माझे काम तिथे संपले आणि दादाचे सुरू झाले.

पहिल्या खेपेला दमट खत नळीत अडकून बसले. सुतारमामांनी जास्त रुंद पोकळीच्या नळ्या बसवल्या. दुसऱ्या खेपेला खत आणि बी एकाच जागी पडले. बांधाकडेच्या चार ओळींत पेरून पाहिले, तर कोंभ जळाले आणि जेमतेम मूठभर रोपे वर आली. मग नळ्यांमधले अंतर वाढवले. तेव्हा तिफण जड झाली आणि बैल एका अंगाला ओढू लागले. खत वाया जाऊ नये म्हणून दादा चाड्यात चुलीतली राख घाली, रिकाम्या रानात तिफण चालवी आणि गुडघ्यावर बसून बोटांनी माती उकरून राख किती खोल गेली ते पाही. भाद्रपदाचे ऊन तुम्हांला सांगायला नको. मी टेरिकॉटचा शर्ट घालून बांधावर बसे आणि वहीत टिपणे करी. दादाच्या पैरणीच्या पाठीवर संध्याकाळपर्यंत मिठाचा पांढरा नकाशा उमटलेला असे.

हस्त नक्षत्रात तिफण मनासारखी चालली. ज्वारी एकसारखी उगवली. जानेवारीत तालुक्याला प्रदर्शन होते. तिथे आम्ही तिफण नेली. पाहुण्यांनी विचारले, "ही कल्पना कोणाची?" मी पुढे झालो. टाळ्या झाल्या. प्रशस्तिपत्रावर माझे एकट्याचे नाव लिहिले गेले. दादा मागे बैलांची कासरे धरून उभा होता. सुतारमामा तर आलेच नव्हते. त्यांना आणायचे कुणाला सुचलेच नाही, म्हणजे मलाच सुचले नाही.

घरी आल्यावर कागद काचेत बसवून भिंतीला लावला. दादा काही बोलला नाही. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी विहिरीवर धुणे धूत असताना म्हणाल्या, "भाऊजी, कल्पना तुमचीच हाय, न्हाई कोण म्हणतंय? पर ही पैरण मी धुतलीया. दोन महिनं रोज धुतलीया."

मला राग आला. लाजेचे सोंग बऱ्याचदा असेच असते.

पुढच्या पेरणीला दादाची कंबर धरली आणि तिफण माझ्या हाती आली. दोन घटका दिवस वर आला नाही तोच टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटला. आत नुसती भट्टी. वहिनी भाकरी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी सोबत दादाची जुनी पैरणही आणली होती. ती घातली आणि वारे लागताच अंग गार झाले.

यात जादू नाही. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून तर देवाने अंगाला घाम दिला. सुती धागा पाणी आपल्यात ओढून घेतो, पसरवतो आणि वाऱ्याला देतो. टेरिलीन 1941 साली इंग्लंडात शोधले गेले. ते चुरगळत नाही आणि लवकर वाळते. पण त्याचा धागा पाणी जवळपास पीतच नाही. शंभर ग्रॅम कोरडे सूत हवेतला सात-आठ ग्रॅम ओलावा धरते, तर टेरिलीन अर्धा ग्रॅमही धरत नाही. टेरिकॉट म्हणजे या दोहोंची मिसळ. बांधावर बसणाऱ्याला ते शोभते. तिफणीमागे चालणाऱ्याला सूतच हवे.

त्या दिवसापासून मी एडिसनविषयी मिळेल ते वाचू लागलो. अमेरिकेतल्या मेन्लो पार्क इथे 1879 साली त्याने जो दिवा बराच वेळ पेटता ठेवला, त्यातली तार म्हणजे शिवणाचा सुती दोराच होता, जाळून कोळसा केलेला. पुढल्या वर्षी बांबूचा तंतू लावला, तो हजार तासांहून जास्त टिकला. पण ते काचेचे फुगे फुंकणारा लुडविग बोम हा निराळा. गणित करणारा फ्रान्सिस अप्टन निराळा. रात्र रात्र एडिसनबरोबर जागणारा चार्ल्स बॅचलर निराळा. नव्याण्णव टक्के घाम खरा, पण तो एकाच सदऱ्यातला नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे. 1903 च्या सुमारास लक्ष्मणरावांनी बेळगावात तो तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते असे म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे गेली. कल्पना लक्ष्मणरावांची होती. पण धंद्यात त्यांच्याबरोबर थोरले बंधू रामूअण्णा होते, आणि कारखान्याच्या नावात एकट्याचे नाव नव्हते, 'बंधू' होते.

हे वाचले त्या रात्री मी प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढले आणि माझ्या नावाखाली दादाचे व सुतारमामांचे नाव लिहिले. सकाळी दादाने ते पाहिले. म्हणाला, "चांगल्या कागदावर खाडाखोड कशाला केलीस?" पण त्या दिवशी तो सुतारमामांना जेवायला घेऊन आला, आणि जेवण होताच त्यांना भिंतीजवळ नेऊन उभे केले. मामांना वाचता येत नव्हते. दादाने त्यांचे बोट धरून त्यांच्या नावावर ठेवले.

दादा आता नाही. तिफणीच्या जागी ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आले. तो कागद मात्र आहे. पावसाळ्यात शाई थोडी फुटली, तरी तिन्ही नावे वाचता येतात.

तर मंडळी, घामाचा कपडा ओला तसाच गुंडाळून ठेवू नये. आधी साध्या पाण्यात खळबळावा म्हणजे मीठ निघून जाते, आणि मग साबण लावून उन्हात वाळत घालावा. हे घरच्या बायांना ठाऊकच आहे. पुरुषांनी एवढेच करावे, की कधीतरी तो स्वतः धुवावा. आपल्या घरच्या युक्तीमागे कोणाकोणाचा घाम आहे, ते त्या पाण्यात कळते.