सतरावा खंड

रात्री ‘द वॉकिंग डेड’ या कॉमिक मालिकेचा सतरावा खंड पुन्हा वाचून काढला. एकूण बत्तीस खंडांमधला हा अगदी मधला. याच्याइतकी टोकाची मतं या मालिकेच्या दुसऱ्या कुठल्या खंडाबद्दल क्वचितच ऐकली असतील. 2012 साली आलेला शंभरावा अंक यातच आहे. राज्य कुणावर हे ठरवायला मुलं म्हणतात तसलं गाणं म्हणत खलनायक नेगन नायकाच्या गटातल्या ग्लेनची निवड करतो आणि काटेरी तार गुंडाळलेल्या बॅटनं त्याला मारतो. त्याची बायको मॅगी हिच्या डोळ्यांदेखत.

काहींनी मालिका तिथेच सोडली. काहींच्या मते खरी मालिका इथून सुरू होते. तिसरा गट म्हणतो, नेगन म्हणजे आधीचा खलनायक गव्हर्नरच, फक्त नाव बदललेला. हे मात्र मला पटत नाही. गव्हर्नर आपली क्रूरता गावापासून लपवत होता. नेगनची सत्ताच मुळी ती दाखवण्यावर चालते. अर्ध्या धान्याची खंडणी मागणारा हा माणूस मला राक्षसापेक्षा वसुली करणारा जास्त वाटतो, आणि भीती त्याचीच वाटते.

रक्तपाताची तक्रार मात्र मान्य. चार्ली अ‍ॅडलार्डची चित्रं काळी-पांढरी आहेत, तरी ती पानं बघवत नाहीत. लेखक किर्कमननं थोडं आवरतं घ्यायला हवं होतं. त्याच गटातल्या अब्राहमचा मृत्यू तर बोलता बोलता, वाक्य अर्धवट असताना येतो. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, मला तोच जास्त लागला.

अठरावा खंड कपाटात आहे. आज नको.