पंखासाठी लाकूड

उज्जैन, वैशाखातली रात्र. बाल्साची फळी उचलली, तर हातात काही आहे असं वाटतच नाही. मुख्यतः इक्वेडोरहून येणारं हे लाकूड घनमीटरला साधारण 160 किलो भरतं, म्हणजे सागाच्या जेमतेम पाव. मॉडेल विमानाच्या पंखाच्या आडव्या फासळ्यांना हेच हवं. कणा मात्र बाल्साचा नको. तिथे कार्बनची नळी, नाहीतर पतंगवाले कामट्यांसाठी निवडतात तसा सरळ पेराचा, वाळलेला बांबू. मला बांबूच अधिक आवडतो, वाकून पुन्हा सरळ होतो.

मोटर नंतर, आधी विमानाचं एकूण वजन ठरवायचं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 490 मीटरवर, त्यात उन्हाळ्याची तापलेली विरळ हवा. म्हणून पंख थोडा मोठाच घ्यावा. लिपो बॅटरीचा सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करू नये, आणि ती उन्हातल्या बंद गाडीत कधीच ठेवू नये.

महागड्या सर्व्होपेक्षा गुरुत्वमध्य महत्त्वाचा: पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर.

आणि मुलांनो, उडवायला क्षिप्रेचा घाट नको, महाकालाचा परिसर तर नकोच. गावाबाहेरचं कापणी झालेलं शेत शोधा, मालकाला विचारा, मगच उडवा.