फळीला तेलपाणी

झिगझॅग बॅलन्सवरून धावताना खाली पाहायचे नाही, नजर पुढे ठेवायची, हे ऑब्स्टॅकल कोर्सवर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. म्हणजेच पायाखालची फळी पक्की आहे, हे आपण धरून चालतो. गेल्या पावसाळ्यानंतर तिथली एक फळी सरावात करकरली. उस्तादांनी लगेच शिट्टी मारून सगळ्यांना खाली उतरवले. कोणाला लागले नाही. फळीवर व्हार्निश होते, वरून ती चकचकीत दिसत होती. पण मिस्त्रीजींनी खालच्या बाजूने खिळा टोचला, तर तो नुसत्या बोटांच्या जोराने आत गेला. आत लाकूड नव्हते, ओला भुसा होता.

व्हार्निश असून लाकूड कुजले कसे, हा प्रश्न मला पडला. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरून असतात. उन्हातले अतिनील किरण हे लिग्निन तोडतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. म्हणून जुने लाकूड राखाडी पडते आणि त्याची कुसळे हाताला टोचतात. शिवाय इथे राजस्थानात लाकूड मे महिन्यात सुकून आकसते आणि जुलैत पाणी पिऊन फुगते. व्हार्निशचा कडक थर तितका ताणला जात नाही, त्याला बारीक तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आत शिरते. वरचा थर मात्र ते सहज सुकू देत नाही. आत ओल राहिली की बुरशी लाकूड खाऊ लागते.

नवी फळी सालाच्या लाकडाची आहे. तिला मिस्त्रीजींनी अलसीचे तेल लावायचे ठरवले आणि रविवारी आम्हा चौघांना हाताशी घेतले. अलसी म्हणजे आपले जवस. विदर्भातून माझ्याबरोबर येणाऱ्या डब्यात जवसाची चटणी असतेच. तिच्यातलेच बी इथे लाकडाच्या कामी आले. खोबरेल तेलकटच राहते, पण जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. ते लाकडात मुरते आणि तिथेच सुकते. नव्या क्रिकेट बॅटला आपण हेच तेल पाजतो. कच्चे तेल सुकायला बरेच दिवस लागतात, म्हणून रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल आणले. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे ते खाण्याचे नाही.

काम सोपे आहे, पण घाईचे नाही. आधी लाकूड पूर्ण कोरडे हवे. पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने फिरवायचा, धूळ पुसायची आणि फडक्याने पातळ हात द्यायचा. २० मिनिटांनी जे तेल मुरले नसेल ते पुसून काढायचे, नाहीतर फळी चिकट राहते. पहिला हात सुकल्यावर दुसरा, मग तिसरा. कापलेल्या टोकांना मात्र जास्त तेल लागते, कारण झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात.

दोन गोष्टी मिस्त्रीजींनी बजावून सांगितल्या. पहिली, नुसते तेल पाणी अडवते, ऊन फारसे अडवत नाही. म्हणून पहिल्या दोन हातांच्या तेलात त्यांनी गेरू खलून घातला. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि तो ऊन स्वतःवर घेतो. दुसरी, तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल सुकताना उष्णता निघते; ती बोळ्यात कोंडली तर फडके आपोआप पेटू शकते. आम्ही सगळी फडकी पाण्याच्या बादलीत बुडवली.

तेल एकदा लावून भागत नाही, ते पुन्हा पुन्हा लावावे लागते. मला ही उणीव वाटत नाही. दोन्ही महायुद्धांत भारतीय जवानांच्या हातात असलेल्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलच्या लाकडालाही जवसाचेच तेल चोळत. हाताने चोळताना कुठे तडा गेला, कुठे लाकूड मऊ पडले, हे बोटांना कळते. व्हार्निशची चकाकी पाहून आपण निर्धास्त होतो. तेल लावणाऱ्याला लाकडाकडे परत यावेच लागते.

झिगझॅगच्या आणखी तीन फळ्यांवर अजून व्हार्निश आहे. आमच्या हाउसने उस्तादांकडे दोन रविवार मागितले आहेत. एक पावसाळ्यापूर्वी आणि एक दिवाळीच्या सुट्टीनंतर. प्रत्येक फळी उलटी करून खिळ्याने तपासायची, खरवडायची आणि तेल पाजायचे. दर वर्षी नववीच्या कॅडेटांनी हे काम दहावीकडून शिकून घ्यावे, अशी सूचनाही दिली आहे. त्या फळ्यांवरून आमच्यानंतर येणारी सहावीची मुलेही धावणार आहेत, आणि तीही खाली पाहणार नाहीत.