जोडाजोडी

आमच्या धंद्यात एक वाद कधीच मिटत नाही. कोड वाचायला सोपा असावा की पळायला वेगवान? (घरच्या मंडळींनो, लगेच पान बंद करू नका, सोपं करून सांगतो.)

पायथनमध्ये स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, एकदा तयार झाली की बदलता येत नाही. पुढे काही जोडायचं तर नवी माळ करायची आणि जुनी सगळी तिच्यात उतरवून घ्यायची. ५० अक्षरांच्या १० ओळी अशा एकेक करून जोडल्या तर जेमतेम पावणेतीन हजार अक्षरं उतरवावी लागतात. १००० ओळी असतील तर अडीच कोटी! म्हणून जाणकार सांगतात, ओळी यादीत गोळा करा आणि शेवटी 'जॉइन'ने एकदम जोडा. २००४ मधल्या पायथन २.४ पासून साध्या बेरजेतही ही उतरवाउतरवी बरेचदा टळते, पण त्यावर विसंबू नका असं 'पेप ८' या पायथनच्या शैलीनियमांतच लिहिलंय.

इथवर ठीक. पण नियम पाठ झाला की माणूस तो दिसेल तिथे लावत सुटतो. परवा टीममधल्या एका नव्या मुलीच्या कोडवर शेरा आला, "स्लो आहे, जॉइन वापर." काम काय, तर रात्री एकदा जाणाऱ्या ईमेलचा चार ओळींचा मजकूर. तिने एफ-स्ट्रिंग वापरली होती (२०१६ च्या पायथन ३.६ पासून ही सोय आहे). वाक्य जसं वाचायचं तसंच लिहिलेलं, मध्ये महिरपी कंसात नाव, तारीख, रक्कम. शेऱ्यानंतर त्याचे नऊ तुकडे होऊन यादीत गेले. मूळ वाक्य दिसेना, आणि रकमेआधीची मोकळी जागा गळली ती वेगळीच!

मी दोन्ही मोजून पाहिले. तिची एफ-स्ट्रिंगच किंचित वेगवान निघाली.

पण खरं टोचलं ते तिचं बोलणं. "सर, मला वाटलं सोपं लिहिलं म्हणजे कच्चं लिहिलं." सोपं लिहिणं ही कमावलेली गोष्ट आहे हो! ती एका शेऱ्याने मोडू नये. हजारो ओळींचं लूप असेल तर जॉइन हवंच, आणि तिथे ते वाचायलाही सोपं असतं. बाकी ठिकाणी आधी मोजा, मग बोला. मशीन वाचून कंटाळत नाही, पुढच्या वर्षी तो कोड उघडणारा माणूस कंटाळतो.

असो. तिचा कोड पूर्ववत झालाय. तुमच्याकडे असे शेरे येतात का? जरूर कळवा.