खंदकाच्या अलीकडे

पुष्कळ वर्षांनी भेटणाऱ्या मैत्रिणींनी हॉटेलात समोरासमोर बसू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत, आई असते का, हे सगळं पहिल्या कॉफीतच संपतं. मग दोघी आपापल्या कपाकडे बघत राहतात. त्यापेक्षा शेजारी शेजारी उभं राहावं आणि मिळून तिसऱ्याच कशाकडे तरी बघावं. आम्हा दोघींना अशी जागा पुण्यात कात्रजला सापडली.

आमची मैत्री जमली ती सापांवरून. १९८० साली नीलमकुमार खैरे पुण्यात ७२ सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. बाकीच्या मुलींच्या अंगावर शहारे येत होते आणि आम्हा दोघींना प्रश्न पडत होते. ते झोपले कसे? झोपेत कूस बदलली तर? नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं आम्ही पाढ्यांसारखी घोकली. रविवारी पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्कात जायचं. पोरं फुलराणीच्या, म्हणजे तिथल्या छोट्या आगगाडीच्या, रांगेत, आम्ही वाघाच्या पिंजऱ्यासमोर. वाघ गजांपर्यंत यायचा, वळायचा, पुन्हा यायचा. "याला इथे नाही आवडत गं," ती एकदा म्हणाली होती. तेव्हा असं बोलणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं.

पुढे लग्नं झाली, गावं बदलली, पत्रं थांबली.

मग एक दिवस शाळेच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लांबच लांब तपकिरी साप. खाली लिहिलेलं, "लोक काठ्या घेऊन उभे आहेत. धामणच ना गं?" धामणच होती. मोठा डोळा, ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा. मी लगेच फोन लावला. "कुणाला हात लावू देऊ नकोस, बिनविषारी आहे. सर्पमित्राला बोलाव." तिनं आधीच बोलावलं होतं. धामण पिशवीत जाऊन सुखरूप निघून गेली, तरी आम्ही फोन ठेवला नाही.

भेटायचं कुठे, हे ठरवावंच लागलं नाही. कात्रजचं सर्पोद्यान १९८६ सालचं. त्याच्या सोबतीला १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आलं आणि पेशवे पार्कातले प्राणी इथे हलवले गेले. सुमारे १३० एकरांचा हा पसारा, मधोमध तलाव. वाघापुढे इथे गज नाहीत, खंदक आहे, मागे झाडी आहे. वाघाला वाटलं तर तो दिसतो, नाही तर थांबायचं. अनेकांना हे आवडत नाही; पैसे भरून वाघ दिसला नाही, अशी कुरकुर ऐकू येते. मला मात्र हेच फार मोलाचं वाटतं. आपल्या नजरेआड जायची मुभा प्राण्याला हवीच.

त्या थांबण्यातच ती बोलू लागली. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाबद्दल, रिकाम्या घराबद्दल. माझ्याकडे न बघता, समोरच्या बांबूंकडे बघत. मीही बांबूंकडेच बघत होते. टेबलापलीकडून ती हे कधीच बोलली नसती. मध्येच तिनं माझा दंड धरला. पट्टे हलले होते. वाघ पाण्याशी आला, पाठमोरा बसला. कानांमागचे पांढरे ठिपके लख्ख दिसले. वाघाला मांजरासारखं घुरघुरता येत नाही, ओळखीचं कुणी भेटलं की तो नाकातून हलकेच फुरफुरतो, हे तिनं मला सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं वाचणं सोडलं नव्हतं तर!

सर्पोद्यानात एक मुलगा काचेवर टकटक करत होता. तिनं त्याला जवळ घेतलं. "बाळा, त्याला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण हादरा त्याच्या साऱ्या अंगाला कळतो." मुलानं हात मागे घेतला आणि नागाबद्दल प्रश्नावर प्रश्न विचारले. त्याची आई दूर उभी होती, तीही हळूहळू पुढे आली.

नंतर तलावाकडे गेलो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या कात्रजच्या तलावांचं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जात असे. आता काठाला पाणकावळे पंख वाळवत बसतात. चिखलात एक वंचक बगळा उभा होता, चिखलाच्याच रंगाचा. मला दिसेना. ती बोट दाखवत राहिली, तोवर तो उडाला आणि क्षणात पांढराशुभ्र झाला.

आता आम्ही वरचेवर जातो. दोघींच्या पिशवीत दुर्बीण असते आणि बोलायचे विषय वंचकापासून रक्तदाबापर्यंत कुठलेही.

तुमचीही अशी एखादी मैत्रीण किंवा मित्र असेल, तर आजच फोन करा. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. दुसरा कुठलाही वार धरा आणि वाघ लगेच दिसला नाही तर निघू नका. आणि दारात साप आला, तर काठी शोधण्याआधी सर्पमित्राला हाक मारा.