समच्या पलीकडचं जैसलमेर

जैसलमेर म्हटलं की काय आठवतं? सोनेरी किल्ला, समच्या वाळूच्या टेकड्या, उंटावरचा फोटो आणि रात्री दाल-बाटी-चुरमा. झाली ट्रिप! पण मंडळी, थार म्हणजे नुसती वाळू नव्हे. शहराबाहेर पडलात की जीप जरा थांबवा, गॉगल काढा आणि नीट बघा. वाळूत जागोजागी गवताचे झुपके दिसतील. अगदी साधे, वाळलेल्या केरसुणीसारखे. हे सेवण. इथल्या कुरणांचा खराखुरा हीरो!

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. इथं वर्षभरात २५०सुद्धा पडत नाही. तेवढ्यावर सेवण वर्षानुवर्षं तग धरतं. त्याची मुळं वाळू घट्ट धरून ठेवतात आणि थारपारकर गाई, शेळ्या-मेंढ्या त्यावर पोसतात. झुपका उपटला, की वाळू वाऱ्यावर मोकळी!

मग ते पुन्हा लावायचं कसं? सेवणचं बी एकदम हलकं, वाऱ्याबरोबर उडणारं. म्हणून माती, शेण आणि वाळूत कालवून त्याच्या गोळ्या करतात आणि पावसाच्या तोंडावर अगदी उथळ पेरतात. खोल गेलं तर कोंब वर येतच नाही. वाळू सरकत असेल तर आधी काट्याकुट्यांचे छोटे अडसर, वाऱ्याला आडवे. रोपं रुजेपर्यंत गुरांना नो एंट्री! नंतरही पाळीपाळीनं चराई, म्हणजे गवताला बी धरायला वेळ मिळतो. जोधपूरची ‘काझरी’ ही संस्था १९५९पासून वाळवंटाच्या अशाच प्रश्नांवर काम करतेय.

गंमत म्हणजे, हिरवं करायचं म्हणून आपण जे करतो, तेच कधीकधी कुरणाच्या मुळावर येतं. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं, ट्रॅक्टर आले आणि सेवणची जमीन नांगराखाली गेली. वाळू थोपवायला बाहेरून आणलेली इस्रायली बाभूळ लावली. झाडं वाढली, पण मोकळं माळरान आक्रसलं. त्यात सरकारदरबारी अशा कितीतरी जमिनींची नोंद ‘पडीक’ म्हणून. पडीक म्हटलं, की कुणीही यावं आणि काहीही उभारावं!

याची किंमत मोजतोय माळढोक. तोच, ज्याच्यासाठी १९७९मध्ये आपल्या सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. तिथं आता त्याचं दर्शन दुर्मीळ. उरलेले बहुतेक जैसलमेर परिसरात. इथं त्याला म्हणतात गोडावण. मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. त्यातल्या कितीतरी तारा सौर आणि पवनऊर्जा वाहून नेणाऱ्या! २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं आणि २०२४मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ वीज हवी की माळढोक? प्रश्न सोपा नाहीच. पण कुरणाला ‘रिकामी जागा’ म्हणणं थांबवलं, तरी उत्तराची सुरुवात होईल.

कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डेझर्ट नॅशनल पार्कसाठी वन खात्याची परवानगी काढा, दुर्बीण न्या. आणि प्लीज, झुपक्यांवरून जीप नेऊ नका!