मांजराची तक्रार

मराठी माणसाने मांजराविषयी फारसे बरे बोलल्याचे ऐकिवात नाही. डोळे मिटून दूध पिणारे ढोंगी ते मांजर, शिंके तुटताच ज्याचे फावते तो बोका, आणि कामाला निघालेल्याच्या वाटेत आडवे जाऊन त्याचा दिवस नासवणारे तेही मांजरच. इमान कुत्र्याच्या वाट्याला आले, स्वार्थ मांजराच्या. आमचे बालपण वसईच्या एका केळीच्या वाडीत गेले. तेथे मांजरे पुष्कळ होती, पण ती कोणी पाळली होती असे म्हणता येणार नाही. ती असत, एवढेच. मागील दारी मासळी कापायला बसले की ती जमत. हाकलली की जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. त्यांच्या मनात काय चालत असेल, हा प्रश्न कोणाला पडल्याचे स्मरत नाही.

पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हाच प्रश्न निराळ्या वेषात समोर आला. संत थॉमस अक्वायनस यांनी मेंढीचे उदाहरण दिले आहे. लांडग्याला पाहून मेंढी पळते ती त्याचा रंग वा आकार आवडत नाही म्हणून नव्हे. हा आपला वैरी आहे, हे ओळखणारी एक शक्ती तिच्या ठायी असते, असे ते म्हणतात. सतराव्या शतकातील देकार्तने मात्र प्राण्यांना यंत्रांच्या पंक्तीत बसवले. आम्ही परीक्षेत दोघांचीही मते व्यवस्थित मांडली आणि चांगले गुण मिळवले. ज्यांच्याविषयी एवढे लिहिले, त्यांतल्या एखाद्याकडे तासभर बसून पाहावे, असे काही आम्हांला सुचले नाही. तो धडा आम्हांला एका बोक्याने दिला, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली.

२०१६ साली आमची बदली समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात झाली. तेथील धर्मगुरुनिवास जुना, कौलारू; उंदरांचे माहेरघर. चर्चमधील मेणबत्त्या ते कुरतडत. एके दिवशी बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीची कडही कुरतडलेली आढळली, तेव्हा स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी आम्हांला न विचारता एक पिल्लू आणून ठेवले. पिवळसर अंग, त्यावर पट्टे. म्हणून नाव सोन्या. चर्चच्या आवारात मांजर शोभते का, अशी शंका आम्ही काढून पाहिली. परंतु इतिहास मावशींच्या बाजूचा निघाला. इंग्लंडमधील एक्सिटर येथील कॅथेड्रलच्या हिशेबात १३०५ सालापासून मांजराच्या नावे खर्च लिहिलेला आढळतो, आठवड्याला एक पेनी. तेथील एका दाराला मांजराच्या ये-जा करण्यासाठी भोकही ठेवलेले आहे. तेव्हा सोन्याची नेमणूक परंपरेला धरूनच होती.

त्याने काम चोख बजावले. पण कामाची त्याची पद्धत आम्हांला पटत नसे. पोटभर भात-मासळी खाऊनही तो उंदीर मारी आणि आमच्या खोलीच्या उंबरठ्यावर आणून टाकी. आम्ही याला क्रौर्य म्हणत असू. घाईने मिस्साला निघालो की पायांत येऊन झग्याला गाल घाशी. याला आम्ही लाळघोटेपणा म्हणत असू. हाक मारली तर नुसता कान हलवी आणि जागचा उठत नसे, हा उद्धटपणा. अशी एकेक विशेषणे त्याला चिकटवून आम्ही त्याचे एक चरित्रच सिद्ध केले होते. त्याच्या वर्तनाचा अर्थ लावण्यासाठी आम्हांला फक्त आमचाच शब्दकोश ठाऊक होता.

ऑगस्ट २०१९. आम्ही तीन दिवसांच्या तपसाधनेहून परतलो, तो पलंगावर घडी करून ठेवलेल्या आमच्या झग्यावर सोन्याने लघवी केलेली. फार नव्हती, थोडीशीच. न्हाणीघराच्या फरशीवरही दोन-चार थेंब दिसले. कोपऱ्यात त्याच्यासाठी रेतीचे घमेले ठेवलेले असता त्याने आमचा झगा निवडावा, याचा अर्थ आम्हांला उघड वाटला. तीन दिवस टाकून गेल्याचा तो सूड होता.

मावशी म्हणाल्या, “फादर, तो सारखा घमेल्यात जाऊन बसतोय. रेती मात्र कोरडीच. त्याचं काहीतरी दुखतंय.”

“दुखत काही नाही, मावशी,” आम्ही म्हणालो, “रुसलाय तो. आजची रात्र व्हरांड्यात काढू दे, म्हणजे डोके ठिकाणावर येईल.”

मावशी काही बोलल्या नाहीत. बाहेर पाऊस होता. रात्री त्याने दाराशी येऊन दोन-तीनदा हाक दिली, खोल, ओढलेल्या आवाजात. मग तो आवाज थांबला. समजूत पटली असावी, असे मानून आम्ही झोपी गेलो.

सकाळी तो पाण्याच्या टाकीमागे अंग आखडून बसलेला सापडला. पोटाला हात लावू देईना. रिक्षा करून तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट चाचपले आणि विचारले, “लघवी कधीपासून बंद आहे?” मूत्राशय चेंडूसारखे टणक झाले होते. त्यांनी नळी घालून पाहिली, सलाईन लावले. दुपारी दोनच्या सुमारास सोन्या गेला.

डॉक्टरांनी आम्हांला जे समजावले ते मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे, म्हणून येथे देतो. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट स्राव त्यात अडकला की लघवी तुंबते, मूत्रपिंडे काम थांबवतात, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि अखेरीस हृदय बंद पडते. हे सारे एक-दोन दिवसांत घडू शकते. घमेल्यात बसले की वेदना होतात, म्हणून त्या वेदना जणू घमेल्याच्याच असे त्या जिवाला वाटते आणि तो दुसरी, मऊ जागा शोधतो. आमचा झगा त्याला मऊ वाटला असावा. “काल आणला असतात तर कदाचित वाचला असता,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या स्वरात दोष देण्याचा भाव नव्हता. तो आमचा आम्हीच घेतला.

त्यानंतर आम्ही मांजरांविषयी वाचू लागलो. उशिरा सुचलेल्या शहाणपणाचाही काही उपयोग असतो. आपल्या घरातील मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतील व पश्चिम आशियातील रानमांजर. ते एकटे हिंडते, एकटेच शिकार करते. माणसाने धान्य साठवायला आरंभ केला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारीच पुरलेले मांजर उत्खननात सापडले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सोबत जुनी आहे. मात्र कुत्रा आला तो कळपाचे संस्कार घेऊन. लांडग्याच्या कळपात सुखदुःख दाखवण्याला अर्थ असतो, कारण ते पाहणारे कोणी असते. एकट्या शिकाऱ्याला तसे कोणी नसते. उलट त्याच्याहून मोठ्या प्राण्यांना तो स्वतःच भक्ष्य असतो. दुबळेपण दाखवणे त्याला परवडत नाही. म्हणून मांजर आजार लपवते, कोपऱ्यात जाते, गप्प बसते. आपण म्हणतो, रुसले.

आम्ही चिकटवलेली विशेषणे एकेक करून गळून पडली. शिकारीची ऊर्मी भुकेवर अवलंबून नसते, म्हणून भरल्या पोटीही मांजर उंदीर धरते; आणि धरलेली शिकार ते आपल्याला सुरक्षित वाटणाऱ्या ठिकाणी आणते. सोन्याला सुरक्षित वाटणारे ठिकाण आमचा उंबरठा होता. मांजराच्या गालांवर गंधग्रंथी असतात. गाल घासून ते आपला गंध ठेवते आणि ज्यांच्याशी सलगी आहे त्यांना आपल्या गोतात घेते. टोकियोतील संशोधक अत्सुको साइतो यांनी २०१३ साली दाखवून दिले की मांजर धन्याचा आवाज ओळखते, पण ती ओळख बहुधा कान वा मान हलवून दाखवते, धावत येत नाही. पुढे येशूसंघीयांच्या सोफिया विद्यापीठात असताना त्यांनीच २०१९ साली दाखवले की मांजर आपले नाव इतर शब्दांतून वेगळे काढते. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात त्याच वर्षी झालेल्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लांचा आपल्या सांभाळकर्त्याशी विश्वासाचा बंध आढळला. सूडाचे म्हणाल, तर झगा फादरांना प्रिय आहे, तो बिघडला की त्यांचे मन दुखावेल, म्हणून तोच निवडावा, इतका हिशेब मांडणारा प्राणी माणूस आहे.

एक गोष्ट वाचताना मात्र आम्ही पुस्तक मिटून ठेवले. पिल्लू आईला हाक मारते. पण मोठी झालेली मांजरे एकमेकांशी सहसा ‘म्याव’ करीत नाहीत. ती हाक त्यांनी मुख्यत्वे माणसासाठी राखून ठेवली आहे. त्या रात्री पावसात दाराशी आलेल्या हाका कोणाला उद्देशून होत्या, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.

तीस वर्षे आम्ही माणसांची मने ऐकत आलो आहोत. आपल्याला ऐकता येते, असा एक सूक्ष्म अभिमानही मनात होता. त्याच वर्षीच्या आगमनकाळात आमचा घंटा वाजवणारा वृद्ध सेवक वारंवार उशीर करू लागला. कधी घंटा अर्धवट वाजे, कधी वाजतच नसे. तो आळसावला, कुरकुऱ्या झाला, अशा तक्रारी येऊ लागल्या आणि कडक शब्दांत समज देण्याचे आम्ही ठरवले. त्याला बोलावले, तो दारात उभा राहिला आणि आम्हांला ते घमेले आठवले. आम्ही एवढेच विचारले, “बाबा, काही दुखतं का?” थोडा वेळ तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “खांदा वर जात नाही, फादर. सांगितलं तर काम जाईल, म्हणून बोललो नाही.” त्याला मधुमेह होता आणि खांदा महिनोन्‌महिने आखडलेला होता. उपचार झाले, दोरी ओढायला एक तरुण मुलगा मदतीला दिला. काम कोणाचेच गेले नाही.

२०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत मनी आमच्याकडे आली. ती पायरीवर बसून आमच्याकडे पाही आणि डोळे हळूच मिटून पुन्हा उघडी. मांजर असे करते ते निर्धास्त असताना. आपणही तसेच सावकाश डोळे मिटले तर ते प्रतिसाद देते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते, असे ब्रिटनमधील संशोधकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. आमच्या पूर्वजांनी ज्या मिटलेल्या डोळ्यांत ढोंग पाहिले, त्यांत आता आम्हांला विश्वास दिसतो. २०२२ साली बदली झाली तेव्हा तिला बरोबर आणले. नव्या घरी ती तीन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. पूर्वीचे आम्ही असतो तर तिला ओढून बाहेर काढले असते. या खेपेस पाणी आणि मासळीची ताटली जवळ सरकवून ठेवली, तिच्या अंगाखालचे जुने गोणपाट तसेच राहू दिले आणि वाट पाहिली. चौथ्या दिवशी ती बाहेर आली, खोलीचा प्रत्येक कोपरा हुंगला आणि टेबलाच्या पायाला गाल घासला.

तिला आम्ही पूर्ण ओळखतो, असे म्हणण्याचे धाडस आता होत नाही. तिचे नेहमीचे वागणे कोणते, ते मात्र ठाऊक करून घेतले आहे. कारण त्यात फरक पडला, तरच तिची तक्रार आमच्यापर्यंत पोहोचणार. रोज पहाटे मिस्साला निघण्यापूर्वी आम्ही कोपऱ्यातील घमेल्यापाशी वाकतो आणि रेती ओली आहे ना, ते पाहतो.